माझ्या आईची तू काढलेली चित्रं

वैजू,

तुझी बातमी इथल्या पेपरात आली. आतल्या पानावर, चार परिच्छेद आणि तुझा तो बारीक केस कापलेला फोटो. पहिल्याच ओळीत ‘ब्रिटिश चित्रकार’. आईला वाचून दाखवताना मी तो शब्द गाळला. तिला वाईट वाटेल म्हणून गाळला, असं मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे मलाच तो उच्चारायचा नव्हता. चार वर्षं माझ्या शेजारी गादी टाकून झोपलेली, आईच्या हातच्या पिठल्यात जास्तीची मिरची मागणारी मुलगी, आणि पेपर म्हणतो ब्रिटिश. तसं ते खोटं नाही. पासपोर्ट तिथला, घर तिथलं, पंचवीस-सव्वीस वर्षांचं काम तिथलं. चित्रं मात्र आमच्या घरातली.

तू कुठे शिकलीस, कुठलं बक्षीस मिळालं, कुठल्या संग्रहालयानं तुझं काम घेतलं, हे सगळं त्या चार परिच्छेदांत आहे. त्यातलं मला काहीच नवीन नव्हतं. हेवा करणारं माणूस जितक्या बारकाईनं पाहतं तितकं कौतुक करणारं पाहत नाही. तुझ्या प्रत्येक प्रदर्शनाची तारीख मला पाठ होती. अभिनंदनाचा मेसेज मात्र मी नेहमी दोन दिवस उशिरा पाठवायचे, आत्ताच कळलं असं वाटावं म्हणून.

तू आमच्याकडे आलीस ती चार दिवसांसाठी. दुसऱ्या वर्षाला होतो आपण. खोलीत टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून वसतिगृहाच्या बाईंनी तुला बाहेर काढलं होतं. एक ट्रंक, गुंडाळलेले कागद आणि सर्दी, एवढं घेऊन तू आमच्या दारात उभी राहिलीस. पुण्यातली आमची जागा दोन खोल्यांची. त्यातली पुढची आईच्या टायपिंग क्लासची. आठ मशिनं, सकाळी सातपासून ए-एस-डी-एफचा खडखडाट. तू आत आलीस तेव्हा आई रिबन बदलत होती. दोन्ही हातांची बोटं काळी-लाल. तिनं तुला नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “मागे गरम पाणी आहे, वाफ घे आधी.”

चार दिवसांचे चार महिने झाले, मग चार वर्षं. तू आठवीत असताना तुझी आई गेली होती आणि तुझ्या वडिलांच्या नव्या संसारात तुला जागा नव्हती. तुझ्या बाजूचं हे कारण इतकं मोठं होतं की माझ्या रागाला उभं राहायला जागाच उरली नाही. पहिलं वर्षभर तू तिला ‘काकू’ म्हणत होतीस. एकदा ताप आला असताना ‘आई’ म्हणालीस. बरी झाल्यावरही तेच चालू ठेवलंस. कुणी काही बोललं नाही. मीही नाही. पण तो दिवस माझ्या लक्षात आहे. तापातला नाही, त्यानंतरचा.

कॉलेजात माझी रेघ तुझ्याहून चांगली होती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस. आपण सकाळी मंडईत स्केचिंगला जायचो. मी दहा मिनिटांत भाजीवाली कागदावर बसवायचे. तिचा पदर, तिची टोपली, सगळं एका दमात. तू अर्धा तास नुसती बसून असायचीस. काढायचीस, खोडायचीस, परत बघायचीस. पेरूवाल्या बाईशी गप्पा मारायचीस. शेवटी तुझ्या कागदावर एक मळका ढग उरायचा आणि माझी पानंच्या पानं भरलेली असायची. सर माझी वही वर्गात फिरवायचे. तुझी चाळून म्हणायचे, “बघतेस खूप. आता काढायलाही शीक.”

तू काढायला शिकलीस. मला बघायला शिक असं कुणी म्हटलं नाही.

शेवटच्या वर्षी लंडनच्या त्या शिष्यवृत्तीचे दोन फॉर्म तूच आणलेस. दोन्ही आईनं टाइप करून दिले, एकाच दुपारी. तुझा तू पोस्टात टाकलास. माझा माझ्या कपाटात राहिला. मी तुला सांगितलं की बाबांना अलीकडे बरं नसतं, त्यांना सोडून जाता येणार नाही. बाबा तेव्हा रोज सकाळी बॅडमिंटन खेळायचे, आणि तू त्यांचं शटल उचलून द्यायला जायचीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि एवढंच म्हणालीस, “बरं.” ते ‘बरं’ मला फार वर्षं पुरलं. मी घाबरले होते, वैजू. तिथे आपली वही कुणीच वर्गात फिरवणार नाही, याची भीती. तू ओळखलं होतंस आणि बोलली नाहीस, याचाही मला राग येत राहिला.

नंतरची तुझी पहिली दहा वर्षं मला आवडली, हे आज कबूल करते. तू फ्रेमच्या दुकानात काचा कापत होतीस. संध्याकाळी निवृत्त लोकांना जलरंग शिकवत होतीस. तुझ्या खोलीतला हीटर बंद पडायचा आणि तू कोट घालून रंगवायचीस. फोनवर तू हे हसत हसत सांगायचीस, मी “अगं बाई गं” म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर मला बरं वाटायचं. माझं लग्न झालं, निखिलला इथे नोकरी लागली, आम्ही सिंगापूरला आलो, ईरा झाली. मला चांगी बिझनेस पार्कमध्ये एका बँकेच्या ॲपचं डिझाइन करायचं काम मिळालं. बटण कुठे असावं, कुठल्या निळ्या रंगाचं असावं. लोक म्हणायचे, कलेच्या क्षेत्रातच आहेस की. मीही म्हणायचे.

मग एके दिवशी लंचच्या वेळी तुझी ईमेल आली. एक लिंक, आणि खाली मराठीत एकच ओळ : ‘बघ आणि सांग.’

मी जागेवरच उघडली. स्क्रीनभर आई होती.

स्टुलावर बसलेली. समोर मशीनचं झाकण उघडलेलं, दोन हातांमध्ये रिबन ताणलेली. चेहरा अर्धा वळलेला आणि ओठ किंचित उघडे, मनात काहीतरी मोजत असताना तिचे होतात तसे. ती दमलेली होती. आई दमायची, हे मला त्या चित्रावरून कळलं, वयाच्या चाळिशीला. मी त्याच खोलीत वाढले होते. ती बोटं मी रोज पाहिली होती, रॉकेलच्या फडक्यानं पुसताना. मला ती मळकी बोटं वाटली होती, एवढंच.

शेजारची सहकारी वाकून बघत होती. “वॉव, हू इज शी?”

“नो आयडिया,” मी म्हणाले, आणि स्क्रीनवरची खिडकी बंद केली.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. अभिनंदन केलं नाही. सरळ विचारलं, “माझ्या आईला विचारलंस?”

“विचारलं ना. पत्र लिहिलं होतं.”

“आणि?”

“त्यांनी टाइप करून उत्तर पाठवलं. काढ म्हणाल्या, पण नाक नीट काढ.”

तुमचा पत्रव्यवहार आहे हे मला माहीतच नव्हतं. आई मला कधी पत्र लिहीत नव्हती. मी दर रविवारी फोन करायचे ना! मी बोलत सुटले. आमचं घर तुला राहायला दिलं होतं, विकायला नाही. तुझ्या लंडनच्या भिंतीवर माझी आई टांगून तू मोठी होणार आणि लोक तुला विचारणार, ही कोण, तेव्हा तू काय सांगणार? तू मला पुरतं बोलू दिलंस. मग शांतपणे म्हणालीस, “मेधा, तूही तिथेच होतीस. तू का नाही काढलंस?”

मी फोन ठेवला. सात महिने आपण बोललो नाही. नंतर बोललो ते ईराच्या शाळेबद्दल, तुझ्या गुडघ्याबद्दल, तुझ्या नवऱ्यानं, कॉलिननं लावलेल्या टोमॅटोंबद्दल. त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही आणि तूही परत विचारला नाहीस. त्यानंतर तू आईची अकरा चित्रं काढलीस. खिडकीशी बसून कागद सरळ करणारी, परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलींना ओरडणारी, एका चित्रात तर नुसती पाठमोरी आणि अंबाड्यातून निसटलेली एक बट. त्याच चित्रांनी तू पेपरातली ‘ती’ चित्रकार झालीस.

बाबा गेल्यावर मी आईला इथे आणलं. इथे राहायचा लाँग टर्म पास काढला, तिच्यासाठी खोली लावली, देवांना कोनाडा केला. मनात कुठेतरी होतं, की आता ती माझी. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमधून ती एकटी बाहेर पडावी म्हणून मी दोन वर्षं मागे लागले होते. मेट्रोचं, एमआरटीचं कार्ड काढून दिलं. एकदा बरोबर जाऊन सगळं समजावलं. “नको गं बाई, चुकले तर,” एवढंच उत्तर. खाली लिफ्टपाशी उतरायची ती फक्त ईरा बरोबर असली तर.

मागच्या वर्षी तुला इथे चार महिन्यांचं आमंत्रण आलं. तांजोंग पगारला एका जुन्या, खाली दुकान असलेल्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ. आल्या दिवशीच तू घरी आलीस, आईच्या पायाशी जमिनीवर बसलीस आणि म्हणालीस, “आई, या वेळी आठवणीतून नाही. समोर बसाल?”

आई लाजली. माझी आई, एकोणऐंशी वर्षांची, लाजली.

पुढच्याच आठवड्यात ती एकटी एमआरटीनं गेली. एकटी! मी ऑफिसमधून घाबरून फोन केला, तर म्हणते कशी, “अगं सोप्पं आहे. हिरवी लाइन, बसायचं आणि उतरायचं.” मग मंगळवार आणि शुक्रवार ठरूनच गेले. कडक इस्त्रीची साडी नेसून निघायची. परतताना दोघी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर जायच्या. तिथल्या चहावाल्या अंकलला आई “तेह, स्यू दाय” म्हणून कमी साखरेचा चहा सांगायला शिकली. ईरा तर फिदाच झाली. “आजी सो स्टेडी लाह, एकदम भारी! वैजू आंटीनं जादू केली.” मी भाजी चिरत होते. सुरी बोटाला लागली, तर मी ईरावरच ओरडले.

एका शुक्रवारी मी न सांगता आले होते, तुला आठवतं? जेवणाच्या सुट्टीत टॅक्सी करून. तुला वाटलं मी दुपारी तिकडेच मीटिंगला आले होते. मीटिंग नव्हती. मला बघायचं होतं की तुम्ही दोघी काय करता. जिना अरुंद आणि लाकडी, मी चपला हातात घेऊन चढले. वर पंख्याचा आवाज आणि आईचं बोलणं. ती सांगत होती की लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तिला दिल्लीला स्टेनोग्राफरची सरकारी नोकरी लागली होती. परीक्षेत ती चौथी आली होती. बाबा जा म्हणाले होते. बॅग भरली होती, आणि मग माझ्या वेळचे दिवस राहिले.

“मग वाईट वाटलं?” तू विचारलंस.

“खूप. मेधा झाल्यावरही वर्षभर वाटत होतं. तिला पाळण्यात टाकून मी मशीन बडवत बसायची. दिल्लीच्या पत्त्यावर पत्रं टाइप करायची आणि फाडायची.” आणि आई हसली. मोकळं हसली.

मी तशीच जिना उतरले. मग पुन्हा चढले, या वेळी पाय आपटत.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, “दिल्लीचं मला का नाही सांगितलंस कधी?”

ती साडीची घडी घालत होती. “तिनं विचारलं,” ती म्हणाली.

एवढंच, वैजू. तिनं विचारलं. मी पन्नास वर्षं तिची मुलगी होते. औषध घेतलंस का, जेवलीस का, पाय दुखतो का, हे मी रोज विचारत होते.

नंतर एकदा तू मला फळी, कागद आणि कोळसा दिलास. “बस ना, तू पण काढ. दोघी काढू, पूर्वीसारखं.” आई वेताच्या खुर्चीत, हात मांडीवर. मी बसले. दहा मिनिटांत माझं झालं, अगदी मंडईतल्यासारखं. खुर्ची बरोबर, पदराच्या चुण्या बरोबर, नाकसुद्धा बरोबर. एका म्हाताऱ्या बाईचं चांगलं चित्र होतं ते. आई त्यात नव्हती. तू मागे येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, “रेघ अजून तश्शीच आहे गं.” मला त्यात दया ऐकू आली. आता वाटतं, ती दया नसावी. तुझ्या आवाजात काहीतरी अडकलं होतं. तूही माझा हेवा केलास का कधी? हे विचारायला हवं होतं. मी कागद दुमडून पर्समध्ये घातला आणि विषय बदलला.

तुझं चित्र मात्र पुढे सरकत नव्हतं. चेहरा झाला होता, आणि तो चेहरा बघवत नव्हता इतका आईचा होता. हात राहिले होते. तू ते सहा वेळा खरवडलेस. फोटो काढून ठेव म्हटलं तर तू चिडलीस. “फोटोत सगळं आधीच ठरलेलं असतं. मला ते ठरताना बघायचंय.” आणि त्याच सुमारास तुझी पाठ दुखायला लागली. तू म्हणालीस उभं राहून राहून दुखतेय. आईनं शेक दिला. तीन आठवड्यांत तुझा चेहरा पिवळट दिसायला लागला, तेव्हा मी तुला ओढूनच नोव्हेनाच्या हॉस्पिटलात नेलं.

डॉक्टर तरुण होता, हळू बोलत होता. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशन नाही. तू मान डोलावत ऐकत होतीस. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारलंस, “मेधा, किती महिने म्हणाला गं तो? माझं इंग्रजीच गेलं एकदम.”

मी तुला मराठीत सांगितलं. तुझा हात घट्ट धरला होता मी, आणि रडतही होते. पण त्याच क्षणी माझ्या मनात आलेलं लिहायला हवं, नाहीतर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. मनात आलं, की ही आता कधीच उतरणीला लागणार नाही. हिचं एखादं चित्र पडलं, असं कुणी म्हणणार नाही. ही ऐन भरात जाणार आणि मी मात्र आणखी वीस वर्षं बटणांचे रंग ठरवणार. तुझा हात हातात असताना हे आलं. मी स्वतःला घाबरले.

आठवड्यात कॉलिन येऊन तुला घेऊन गेला. कॅनव्हास तू गुंडाळून बरोबर नेलास. आईला आपण ‘पुढच्या तपासण्या तिकडे करायच्यात’ असं सांगितलं. तिनं मेतकुटाचा डबा दिला आणि तू निघताना तुझ्या गालावरून हात फिरवला. जरा जास्त वेळ फिरवला. तिला कळलं असणार.

आता तो रविवार. इथे दुपारचे चार, तुझ्याकडे सकाळ. फोनवर तुझं नाव दिसलं. आई माझ्यासमोर टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत होती. फोन स्पीकरवर होता, कारण माझे हात कणकेत होते.

तुझा आवाज अगदी बारीक झाला होता. “मेधा, आई आहेत का गं? मला एकच विचारायचंय. खुर्चीत बसायच्या तेव्हा कुठला हात वर असायचा? उजवा की डावा? मला आठवतच नाहीये. दोन दिवस झाले. चित्र तिथेच अडलंय. आणि जरा बोलतेही त्यांच्याशी.”

मी आईकडे बघितलं. ती मान खाली घालून काड्या वेगळ्या करत होती.

“आई झोपलीय,” मी म्हणाले.

का म्हणाले? विचार केला नव्हता. तोंडातून गेलं. घरात आम्ही दोघीच होतो, खूप दिवसांनी तशी निवांत दुपार मिळाली होती. ती मला बाबांच्या आत्याची कुठलीशी गोष्ट सांगत होती. मी विचारलं होतं म्हणून सांगत होती, वैजू. मी मुद्दाम विचारायला शिकत होते. आणि तू आलीस.

“बरं,” तू म्हणालीस. “झोपू दे. उठल्या की विचारशील?”

“विचारते.”

मी विचारलं नाही. सोमवारी ऑफिसात काम होतं. मंगळवारी मनाशी म्हटलं, उद्या. बुधवारी सकाळी कॉलिनचा मेसेज आला.

आईला मी सांगितलं तेव्हा तिनं हातातला नॅपकिन चौघडी करून टेबलावर ठेवला आणि ती तिच्या खोलीत गेली. दोन दिवस खोलीतच होती. पेपरातली बातमी वाचून दाखवली तीही तिनं डोळे मिटून ऐकली. शनिवारी सकाळी मला राहवेना. ती बाल्कनीत बसली होती, मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“आई, रविवारी तिचा फोन आला होता. तू समोर होतीस. मी तिला सांगितलं तू झोपलीयस.”

“ऐकलं होतं मी,” आई म्हणाली.

“मग बोलली का नाहीस? हाक का नाही मारलीस मला?”

“तुझा चेहरा बघितला ना. लहानपणी तुझ्या हातातलं कुणी काही घेतलं की व्हायचा, तसा झाला होता. तिच्याकडे माझं पुष्कळ होतं गं. मला वाटलं, आज हिच्याकडे राहावं. वैजीला काय, उद्या करू फोन.” तिचा आवाज तुटला. “मलाही वाटलं, उद्या आहे.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. माझ्या केसांवर हात ठेवून ती म्हणाली, “दोघींनी मिळून केलंय ते. तू एकटी घेऊन बसू नकोस.”

असं झालं, वैजू. आयुष्यात एकदा आईनं तुझ्यापुढे मला निवडलं. मला हवं होतं ते अगदी तसंच मिळालं, आणि ते मिळालं ते असं.

कॉलिननं कळवलंय की हात न झालेलंच चित्र पुढच्या वर्षी तुझ्या मोठ्या प्रदर्शनात लावणार आहेत. लोक त्याच्यासमोर उभे राहतील, अपूर्णतेबद्दल काहीबाही बोलतील. बोलू देत.

काल दुपारी आई त्या बाल्कनीतल्या खुर्चीत बसली होती. मी समोर बसले, कागद न घेता, अर्धा तास. ती म्हणाली, “काय बघतेस?” मी म्हणाले, “तुझे हात.” ती जरा सावरून बसली आणि मग विसरली मी बघतेय ते. डावा हात वर असतो. उजव्याचं मधलं बोट वाकत नाही आता. चाळीस वर्षं मशीन बडवलंय त्यानं. ते ती डाव्या तळव्याखाली झाकून घेते. झाकते आणि अंगठ्यानं हळूहळू चोळत राहते, थांबते, परत चोळते. ते ठरताना मी बघितलं.

आईबद्दल एक गोष्ट मला माहीत आहे आणि तुला नाही, असं पहिल्यांदाच झालंय. किती वर्षं वाट पाहिली होती मी याची. आणि आता काल दुपारपासून मला एकच सुचतंय, की तुला फोन करावा आणि सांगावं, डावा गं, डावा हात वर.

— मेधा